नवं पिस्तूल पुसताना आतून खुळखुळ आली तर

रविवारी सकाळी साडेदहाला फोन आला. “काका, नवीन पिस्तुलात काहीतरी सुटलंय बघा. हलवलं की आतून वाजतंय.”

बोलणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, पण त्यांची मुलगी नेमबाजीच्या रेंजवर मला काका म्हणते म्हणून तेही काकाच म्हणतात. मुलगी अकरावीला. वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर सराव केल्यावर घरच्यांनी तिला स्वतःचं १० मीटरचं एअर पिस्तूल घेऊन दिलं. आठ दिवसांनी पहिली साफसफाई काढली आणि हा आवाज. काही उघडलंत का, असं मी विचारलं. पलीकडे जरा शांतता. “तीनच स्क्रू काढलेत. वाटीत नीट ठेवलेत.”

मी पोचलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर कालचा पेपर, त्यावर पिस्तूल आणि शेजारी स्टीलच्या वाटीत तीन बारके स्क्रू. पिस्तूल पुढे कललं की टक्, मागे कललं की पुन्हा टक्. हा आवाज होता स्टॅबिलायझरचा, म्हणजे धक्का कमी व्हावा म्हणून कंपनीने मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या वजनाचा. त्याला काहीही झालं नव्हतं. वाटीतल्या तीनपैकी दोन स्क्रू मात्र ट्रिगरच्या सेटिंगचे होते. खरोखर ढिला झालेला भाग भलताच निघाला, आणि त्याने आवाजही केला नव्हता. तो पुढे येईलच.

एवढ्या वर्षांत रेंजवर असे पंधरावीस प्रसंग पाहिले असतील. आवाज करणारा भाग बहुधा ढिला नसतो आणि ढिला झालेला भाग बहुधा आवाज करत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी कोण हलतंय ते नक्की करायचं. ते कसं, तेवढंच इथे सांगतो.

हे सगळं हवेच्या सिलेंडरवर चालणाऱ्या १० मीटरच्या पिस्तुलाबद्दल आहे. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर गनला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि स्पर्धेचं पिस्तूल पाच-सहा ज्यूलच्या आसपासच असतं. .२२चं पिस्तूल परवान्याचं असतं. त्यात काही ढिलं वाटलं तर ते थेट आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हातात द्या. घरच्या टेबलावर त्याचा विषय नको.

सुरुवात रिकाम्या पिस्तुलाने

परवाना लागत नाही म्हणजे खेळणं नव्हे. पाच ज्यूलचा छर्रा डोळा घालवायला पुरेसा असतो. पेलेटचा, म्हणजे छऱ्यांचा, डबा आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. लिव्हर, म्हणजे छर्रा भरायला ओढायचा दांडा, उघडा, छर्रा बसतो ती खाच डोळ्यांनी बघा आणि नळीतून सेफ्टी कॉर्ड आरपार घाला. ती भगवी दोरी नळीच्या दोन्ही टोकांना दिसते, म्हणजे नळी रिकामी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसतं.

मग सिलेंडर फिरवून काढा. काढताना अर्ध्या सेकंदाचा ‘फुस्स’ येतो. पिस्तुलात अडकलेली हवा बाहेर पडते, ते ठीकच आहे. फुस्स थांबलाच नाही तर मात्र पुढे फिरवू नका. परत घट्ट करा आणि दाखवायला न्या. भरलेल्या सिलेंडरमध्ये २०० बार दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. सिलेंडरची स्वतःची व्हॉल्व्ह असते. ती, किंवा पुढची घड्याळासारखी मीटरची तबकडी, घरी कधीही उघडायची नाही. सिलेंडर हातात आहेच तर त्यावर कोरलेली तारीखही वाचून घ्या. मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि ती पाळायची जबाबदारी नियमाने नेमबाजाचीच आहे.

टेबलावर पेपर पसरू नका. पेपरची घडी पडते आणि घडीत स्क्रू पळतो. पांढरा टर्किश टॉवेल बरा. काळा स्क्रू त्यावर उठून दिसतो आणि पडला तर उडत नाही.

साफसफाईत करायचं किती?

थोडंच. नळीसाठी फेल्टचे बोळे मिळतात. पहिल्यावर तेलाचा एक थेंब, मग कोरडे, शेवटचा पांढरा निघेपर्यंत. ते ओढदोरीने काढत असाल तर मागून पुढे, छर्रा जातो त्या दिशेनेच ओढा. पुढून लोखंडी गज खुपसला तर नळीच्या तोंडाला ओरखडा पडतो, आणि छऱ्याची दिशा शेवटी ठरते ती तिथेच. बाहेरून कोरडं फडकं, धातूवर तेलाचा पुसट हात. कोल्हापूर असो, पुणे असो की रत्नागिरी, जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. डब्यातला फोम ओल धरतो आणि नळीवर तांबूस ठिपके येतात. शेवटी हात साबणाने धुवा. छर्रे शिशाचे असतात.

बस्स. साफसफाईला एकही स्क्रू काढावा लागत नाही. मुलीच्या वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग पुस्तिकेत एवढं सगळं उघडून कशाला दाखवलंय?” ते चित्र सुटे भाग मागवताना नंबर कळावा म्हणून असतं. ते पाहून हात शिवशिवतात, हे मात्र खरं.

आवाज कुठला, हे ठरवायचं कसं

पिस्तूल कानाजवळ धरून जोरात हलवू नका. दोन्ही हातांत आडवं धरा आणि सावकाश पुढे कलवा, मग मागे. मग डावीकडे, उजवीकडे. नळीच्या रेषेत पुढेमागे एकच भरीव ‘टक्’ येत असेल, तर बहुधा स्टॅबिलायझर किंवा अ‍ॅब्सॉर्बर. सगळ्या पिस्तुलांत तो नसतो. तुमच्यात आहे का, ते पुस्तिकेत सापडेल. शॉट सुटला की ते वजन उलट्या दिशेने सरकतं आणि हातातला झटका खाऊन टाकतं. त्यासाठीच ते मोकळं असतं.

कुठेही कलवलं तरी बारीक किणकिण येत असेल तर ते वेगळं प्रकरण. काहीतरी खरंच सुटून आत पडलंय. लिव्हर ओढू नका, ट्रिगर दाबू नका. पिस्तूल टॉवेलवर उलटं धरून हलकेच थोपटा, पडलं तर पडलं. पडलेल्या वस्तूचा मोबाइलवर फोटो काढा आणि ती छोट्या पिशवीत ठेवा. ती कुठली हे शंभर टक्के माहीत नसेल तर परत बसवू नका.

आता एकेक भाग वगळत चला. सिलेंडर नसताना आवाज गेला, तर गडबड सिलेंडरच्या बैठकीत किंवा वजनाच्या कड्यांत. मूठ घट्ट धरल्यावर गेला, तर मुठीत. लिव्हर अंगठ्याने दाबल्यावर गेला, तर लिव्हरच्या पिनेत. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात काही बिघडवण्याची सोय नाही, म्हणून नवख्याला मी हेच आधी करायला लावतो.

आणखी दोन गोष्टी नव्या मालकाला घाबरवतात. पिस्तूल कॉक केलेलं, म्हणजे लिव्हर ओढून शॉटसाठी तयार केलेलं, नसेल तर पुष्कळ मॉडेलांत ट्रिगर लुळा पडतो, बोटाने नुसता लोंबतो. लिव्हर ड्राय फायरच्या, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबायच्या सरावाच्या, जागी ओढा, त्यात जीव येतो. दुसरी, मागची साईट, म्हणजे नेम धरायची खाच. बोटाने बाजूला रेटली तर केसभर हलते, कारण ती स्प्रिंगवर बसवलेली असते. सोडल्यावर त्याच जागी परत येते का, एवढं बघा. येत नसेल तर ती ढिली.

आवाज न करणारे

इथून पुढे कान नको, बोटं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भाग धरायचा, हळूच पिळायचा, आणि दुसऱ्या हाताचं नख सांध्यावर ठेवायचं. डोळ्याला न दिसणारी हालचाल नखाला कळते.

*मूठ.* सगळ्यात आधी हीच. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि मुठीचा मोठा स्क्रू दोन महिन्यांत पाव आटा सैल होतो. नव्या पिस्तुलात तर होतोच. मुठीचा कोन बदलता येत असेल तर आवळण्याआधी सांध्यावर पेन्सिलची रेघ मारा. नाहीतर मूठ घट्ट होईल, पण मनगटाला दुसरीच वाटेल आणि पुढचे तीन आठवडे तुम्ही स्वतःच्या नेमाला दोष देत बसाल.

*ट्रिगरचं पातं.* बोट टेकतं तो तुकडा एका बारीक स्क्रूवर पुढेमागे सरकतो. आमच्या टेबलावर ढिला निघाला तो हाच. मुलगी आठ दिवस म्हणत होती, “काका, ट्रिगर कधी लवकर सुटतो, कधी उशिरा.” मी तिला म्हणालो होतो, बोट नीट टेकव. चूक माझी होती. पातं चिमटीत धरून डावीउजवीकडे वळवलं तर अर्धा मिलिमीटर फिरलं. शॉटगणिक बोट वेगळ्या कोनात टेकत होतं. तो एकच स्क्रू आवळला आणि तक्रार संपली.

ट्रिगरमध्ये आणखी चारपाच स्क्रू असतात: पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, कुठे सुटायचं ते, सुटल्यावर कुठे थांबायचं ते. हे हाताला सैल लागतात, कारण ते घट्ट बसवायचेच नसतात. सेटिंगचे स्क्रू ते. ‘सैल आहे म्हणून आवळला’ असं एकदा झालं की कंपनीने लावलेलं सेटिंग गेलं. आमच्या वाटीत होते ते दोन हेच. परत लावायला पाऊण तास लागला आणि ट्रिगर तपासायचं ५०० ग्रॅमचं वजन मागवावं लागलं.

*नळी.* बऱ्याच मॉडेलांत नळी बॉडीत एक-दोन स्क्रूंनी आवळलेली असते. ती ढिली झाली की आवाज नाही, खडखड नाही, बोटालाही मुश्किलीनेच कळतं. कळतं ते कागदावर. काल दहात जाणारे छर्रे आज नऊला वर, मग आठला खाली, आणि साईटचे कितीही क्लिक फिरवले तरी एका जागी येत नाहीत. साईट फिरवून फिरवून थकलात की नळीचे स्क्रू बघा. दोन असतील तर एकच पूर्ण आवळू नका. याला थोडा, त्याला थोडा, पुन्हा याला. एकच आवळला तर नळी एका बाजूला ओढली जाते.

*तोंडाशी असलेला कॉम्पेन्सेटर.* झटका कमी करायला नळीच्या टोकावर बसवलेला तुकडा. साफसफाईनंतर तिरका बसला तर छर्रा जाता जाता त्याला घासतो. आत बघा. एका बाजूला शिशाची करडी रेघ दिसली तर समजा घासतोय.

*लिव्हर.* टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ला, मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरी चालू असतानाच तुटला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली, उरलेल्या वेळात घाईने शॉट मारावे लागले. ५७५ गुण, बारावा क्रमांक, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं घेतली, ते सगळ्यांना ठाऊक आहेच. लिव्हर तुटणं टाळता आलं असतं असं मी म्हणणार नाही. पण सामन्यात ६० वेळा आणि त्याआधी सरावाच्या शॉटना ओढला जाणारा भाग हाच, म्हणून दर साफसफाईला त्याची पिन बघावी. एक बाजू बाहेर डोकावते का, ओढताना मध्येच अडखळतो का, उघडा असताना डावीउजवीकडे नेहमीपेक्षा जास्त डुलतो का. पिन बाहेर येत असेल तर हातोडी नको. घरातली हातोडी तर नकोच नको.

आवळायचं कसं

डब्यात येणाऱ्या ॲलन की वापरा. नाक्यावरच्या दुकानातला तीस रुपयांचा सेट नको, त्याच्या कडा गोल असतात. अशी चावी एकदा घसरली की स्क्रूचं डोकं गेलं आणि मग तो काढायला कारागीर शोधत फिरा. दीड मिलिमीटरची चावी पूर्ण आत बसली का ते बघायचं, आणि ती लांब दांड्याने नाही, आखूड दांडा दोन बोटांत धरून फिरवायची. अडलं की थांबा. बॉडी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि स्क्रू पोलादी. जोर लावलात तर आटे मरतात ते बॉडीचे.

मी एकदा मारलेत. मागच्या साईटचा स्क्रू ‘अजून एक पाव’ म्हणून पिळला आणि हाताला अचानक हलकं लागलं. ज्याच्या हातून हे झालंय त्याला तो हलकेपणा माहीत असतो, पोटात गोळा येतो.

स्क्रू आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून बॉडीवर जाणारा नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. पुढच्या वेळी ठिपका मधोमध तुटलेला दिसला तर स्क्रू फिरलाय, चावी लावायचीही गरज नाही. तोच स्क्रू महिन्यात तिसऱ्यांदा सैल झाला तर निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा, थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) सुईच्या टोकावर घेऊन लावता येतो. लाल कधीच नाही, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि ट्रिगरच्या जवळपास कुठलाच नाही. एक थेंब आत ओघळला तर सगळी यंत्रणा चिकटते.

ढिलं नव्हे, गळकं

काही वेळा ‘सैल’ वाटतं ते रबर असतं. सिलेंडर बसतो तिथे आणि छर्रा भरतो तिथे ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, असतात. साफसफाईत फडक्याचा धागा किंवा फेल्टचा कण तिथे अडकला की सिलेंडर नीट बसत नाही, डुलल्यासारखा वाटतो, आणि रात्रीत मीटरचा काटा खाली येतो. धागा चिमट्याने काढा, रिंग कोरड्या बोटाने पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. शिलाई मशीनचं तेल, गाडीचं तेल, डब्ल्यूडी-४० इथे चालत नाही. रबर फुगतं, आणि दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. त्याच कारणाने सिलेंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. कोरडी हवाच हवी.

हात लावायचा नाही ते

रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून देणारा भाग), आतली व्हॉल्व्ह, हातोडा आणि सिअरची (हातोडा अडवून धरणाऱ्या खटक्याची) जोडी, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्याचं सर्किट. यातलं काही ढिलं वाटलं तर थांबा. नवं पिस्तूल वॉरंटीत असतं आणि कंपन्या काही स्क्रूंवर रंग किंवा लाखेचा ठिपका देतात. तो फुटला की वॉरंटीबद्दल वाद सुरू होतो. विक्रेत्याला पाठवताना नुसतं ‘आवाज येतोय’ असं लिहू नका. सिलेंडर काढल्यावर येतो का, कॉक केल्यावर येतो का, कुठल्या बाजूला कलवल्यावर येतो, आणि तुम्ही कुठले स्क्रू फिरवलेत, सगळं लिहा. शेवटचं लिहायला लाज वाटते, पण आर्मररचा अर्धा दिवस त्यानेच वाचतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा.

परत बसवल्यावर

सिलेंडर लावा, मीटर वाचा, काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. वीसेक ड्राय फायर. मग ट्रिगरचं वजन. नळी उभी धरून ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन अडकवून सावकाश उचलायचं. वजन टेबलावरून उठलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. सामन्याआधी पंच हेच करतात, आणि तिथे सुटला तर तुमचं ‘काल घरी आवळला होता’ कोणी ऐकत नाही.

मग रेंजवर कोऱ्या कागदावर, हात टेकवून, पाच-पाच छऱ्यांचे तीन गट मारा. गोल काळं टार्गेट नको, नेम आणि पिस्तूल यांची गल्लत होते. डब्यात कंपनीचं टेस्ट टार्गेट असतं, त्यावर पाच छऱ्यांचं मिळून जवळजवळ एकच भोक दिसतं. तुमचा गट तेवढा लहान येणार नाही. पण दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, आणि टेकवून मारलेले पाचही छर्रे त्याच्या आसपास मावायला हवेत. तिन्ही गट एकाच जागी आले तर नळी आणि साईट जागच्या जागी आहेत. तीन गट तीन ठिकाणी आले तर पुन्हा टॉवेल पसरा, नळीच्या स्क्रूपासून सुरुवात.

आमच्या प्रकरणात नेलपॉलिश मुलीच्या आईचं होतं, गडद गुलाबी. काळ्या पिस्तुलावर चार गुलाबी ठिपके पाहून मुलीने तोंड वाकडं केलं, पण खोडले नाहीत. वडील आता दर रविवारी चष्मा लावून तेवढे चार ठिपके बघतात आणि डबा बंद करतात. ॲलन कीचा सेट मुलीने आपल्याकडे ठेवून घेतलाय.